आधी रबर, मग रंग!

जुनी मोटार दारात उभी दिसली की आपल्याकडचा माणूस आधी तिच्या बॉनेटवरून हात फिरवतो. "काय चमकते हो!" म्हणतो, मोबाईल काढून फोटो घेतो आणि चालू लागतो. दार उघडून त्याच्या कडेचे रबर अंगठ्याने दाबून बघणारा माणूस मला आजवर क्वचितच भेटला. माझे भांडण आहे ते या सवयीशी. जुन्या गाडीवर पहिला रुपया खर्च करायचा तो रबरावर. रंग, क्रोम, गाद्या, टेप हे सगळे नंतर. हा क्रम जो उलटा करतो तो गाडीचा फक्त फोटो वाचवतो, गाडी नाही. हे माझे मत आहे आणि ते मी इथे जरा रागानेच मांडणार आहे. ज्यांना राग सोसत नाही त्यांनी इथेच थांबावे!

रबर म्हणजे कुठले? पुढची आणि मागची काच धरून ठेवणारे. चारी दारांच्या कडेचे बीडिंग. डिक्कीच्या तोंडाचे. दाराची काच ज्यातून वरखाली होते ते चॅनेल. त्याच काचेच्या बुडाशी बाहेरून पाणी निपटणारी पट्टी. फियाटच्या पुढच्या दारात जी छोटी त्रिकोणी काच असते तिचे. आणि फरशीतून वायर किंवा केबल जिथे बाहेर जाते तिथली गोल बुचे. सगळे एका गोणपाटात बांधून उचलता येईल एवढा हा ऐवज. पण पत्र्याचे आयुष्य या गोणपाटावर अवलंबून असते.

आता तुम्ही म्हणाल, हा गोव्याचा सरकारी कारकून, बी. ए. झालेला, हा कधीपासून मोटारींवर बोलू लागला? तर मंडळी, माझी सासुरवाडी भालकीची, म्हणजे बिदर जिल्ह्यातली. आपल्या गोवेकरांना तो मुलूख माहीत असतो तो गाणगापूरमुळे. भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान, निर्गुण पादुकांचे दर्शन आणि परत. पण गाणगापूर ज्या कलबुर्गी जिल्ह्यात आहे तो, आणि त्याच्या वरचा बिदर, हा सगळा पट्टा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. भालकी, औराद, बसवकल्याण इकडे घराघरांत मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात माणिकप्रभूंच्या दरबारात या तिन्ही भाषांना मान. गोव्याच्या माणसाला तिथे परके वाटत नाही. बिदरचा किल्ला आणि भोवतालची जमीन बघा, तोच आपला तांबडा जांभा!

हवा मात्र अगदी उलटी. आपल्याकडे रबराचा वैरी पाऊस आणि खारा वारा. तिकडे ऊन आणि धूळ. कलबुर्गीचा मे महिना चाळिशी ओलांडून जातो, आणि तुरीच्या काळ्या रानातून उठणारी धूळ इतकी बारीक की बंद डब्यातल्या पिठातही शिरावी. आपल्याकडे गाडीचे रबर मेले हे जूनमध्ये कळते, तिकडे मार्चमध्येच कळते. ते पाण्याने कळो की धुळीने, दुखणे एकच.

माझे सासरे भालकीचे जुने वकील. त्यांच्याकडे १९८६ ची प्रीमियर पद्मिनी. गाडीची कुंडली मराठी माणसाने लक्षात ठेवावी अशी आहे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, कुर्ल्याला कारखाना उभा केला आणि इटलीच्या फियाटशी करार करून इथे मोटारी बनवल्या. आपण जिला 'डुक्कर फियाट' म्हणायचो ती आधीची, मग १९६४ पासूनची ११०० डिलाइट, आणि तीच पुढे पद्मिनी झाली. सोलापूर ते कलबुर्गी म्हणजे शंभर-सव्वाशे किलोमीटर. सीमेच्या अलीकडचे असोत की पलीकडचे, डॉक्टर, वकील, आडते यांच्या दारात दोनच गाड्या असायच्या, ही नाहीतर ॲम्बेसेडर.

मामांच्या (सासऱ्यांना आम्ही मामाच म्हणतो) सहस्रचंद्रदर्शनाला त्यांच्या पुण्याच्या मुलांनी बेत केला. वडिलांना न सांगता गाडी रंगवायची! हेतू अगदी चांगला. गाडी गेली, महिनाभराने आली ती नवरीसारखी सजून. दुधी रंग, आरसा झालेले बंपर, नवी सीट कव्हरे. सगळ्यांनी फोटो काढले. फक्त रंगवणाऱ्याने पुढच्या काचेचे जुने रबर काढलेच नव्हते, त्यावर कागदाची पट्टी चिकटवून भोवती फवारा मारला होता. दारांना मात्र 'नवे' बीडिंग लावले होते, बाजारात मीटरवर मिळते ते स्वस्तातले, प्लॅस्टिकसारखे कडक. परिणाम? दार लागेना. लावायचे तर आपटावे लागे. आपटून आपटून बिजागरी खाली बसली, वर फट पडली. त्या फटीतून धूळ येऊ लागली आणि मामांना दमा. पहिल्या पावसात पुढच्या काचेच्या खालून पाणी झिरपले आणि पायाखालच्या गालिच्यात जिरले. वरून कोरडे, खालून ओले. दिवाळीला गालिचा उचलला तर फरशीचा पत्रा जाळीदार झालेला. मामा गाडीत बसायचेच बंद झाले. गाणगापूरची पौर्णिमा चुकली, माणिकनगर चुकले, मित्राच्या घरी जाणे चुकले. मला एवढेच म्हणाले, "जावईबापू, गाडी काय बघायसाठी असते का? बसायसाठी असते."

या वाक्यावर मला अख्खा लेख लिहिता येईल. खरे तर तोच लिहितोय.

पुढच्या मे महिन्यात ती गाडी कलबुर्गीच्या एका गॅरेजात गेली. तिथल्या उस्तादांनी रंगाकडे पाहिलेसुद्धा नाही. गाडीभोवती एक चक्कर मारली, दाराच्या कडेला नख लावले आणि म्हणाले, "पैले पानी बंद करो साब, कलर बाद में बी होता." दोन दिवस मी तिथे स्टुलावर बसून होतो. जे पाहिले ते सांगतो, कारण आपल्या गावच्या गॅरेजात कोणी घाई करू लागला तर तुम्हाला त्याला अडवता आले पाहिजे.

पहिले काम रबर काढण्याचे. पुढच्या काचेचे जुने रबर चाकूने कापून काच बाहेर काढली, तर खालच्या ओठाचा, म्हणजे ज्या पत्र्याच्या कडेवर रबर बसते त्याचा, गंज बोटाने सुटत होता. नव्या रंगाखाली हे चालले होते! गंज घासून काढला, खाल्लेल्या जागी पत्र्याची पट्टी जोडली, कड सरळ केली, प्रायमर मारला. कडेवर गंजाचा एक जरी फोड राहिला तर काच तिथेच तडकते, हे उस्तादांचे म्हणणे. मग रबर आधी काचेभोवती बसवले. रबराच्या दुसऱ्या खाचेत, जी पत्र्याला धरते तिच्यात, नायलॉनची दोरी सगळीकडून फिरवली आणि तिची दोन टोके खाली मध्यावर वीतभर एकमेकांवर घेऊन आत सोडली. साबणाचे पाणी लावले. एक जण बाहेरून तळव्यांनी काच दाबत राहिला, दुसरा आतून दोरी हळूहळू ओढत गेला. दोरी जशी निघते तसा रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवरून उलटून आत येतो. उस्तादांनी हे काम भर दुपारी घेतले, कारण उन्हात रबर मऊ असते. ठोका एकही मारला नाही.

दाराचे बीडिंग बसवताना तर मला लग्नातली पाटी लिहिणाऱ्यासारखा संयम दिसला. जुना डिंक रॉकेलने पुसून काढला. रबर आधी नुसतेच लावून दार बंद करून पाहिले. बिजागरी उचलली, कुलपाचा अडसर आत-बाहेर केला, दार दोन बोटांनी लागेपर्यंत. मगच सोल्युशन लावले, पत्र्यालाही आणि रबरालाही, आणि ते बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबले. आणि महत्त्वाचे, चिकटवताना रबर ओढले नाही! आपल्याकडे हाच गुन्हा सगळे करतात. दोन इंच वाचवायला रबर ताणून लावतात. ताणलेले रबर चार महिन्यांत आपल्या मापावर परत येते आणि कोपऱ्यात फट पाडते. उस्तादांनी उलट थोडे जास्त कापले आणि दाबून आत बसवले, सांधा खालच्या बाजूला. शेवटी कागदाची परीक्षा. कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचे आणि ओढायचे. अडखळत निघाली तर बरोबर, सुळकन निघाली तर तिथे धूळ येणार, फाटली तर रबर जाड आहे.

एक गोष्ट मला तिथेच कळली. दार कधी पूर्ण पाणबंद नसते. काचेच्या बाजूने थोडे पाणी दारात उतरतेच, म्हणून दाराच्या तळाला छोटी छिद्रे ठेवलेली असतात. रंगवणारे ती छिद्रे लांबीने बुजवतात, दिसायला गुळगुळीत दिसते ना! मग पाणी दारातच साठते आणि दार आतून कुजते. म्हणजे नुसते रबर विसरले एवढेच नाही, चमक यावी म्हणून पाण्याची वाटही बुजवली.

इथे कोणी जाणकार मला पकडील. "अहो, रबर तर रंगानंतरच बसते, आणि तुम्ही म्हणता आधी रबर?" बरोबर. रबर बसते नंतर, पण निघते आधी. जुने काढून खालचा पत्रा बघायचा, नवे आणून दारात घालून दाराची फट जुळवायची, आणि हे सगळे मनासारखे झाले की मग रंगवाल्याला बोलवायचे. रबर हातात नसताना रंगाची तारीख ठरवणे म्हणजे छप्पर शाकारण्याआधी भिंतीला चुना काढण्यासारखे आहे. आपल्या आज्यांना हे कळत होते.

दुसरा विरोधक म्हणजे 'ओरिजिनल'चा भक्त. याला १९७० चे रबर गाडीवर तसेच हवे असते, दगड झाले तरी. कारण काय, तर ते 'मूळचे' आहे. या गृहस्थांना रबर म्हणजे काय हे ठाऊक नसावे. झाडाच्या चिकात गंधक घालून तापवले की तो टिकाऊ होतो हे चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये सापडले, पण टिकाऊ म्हणजे अमर नव्हे. नैसर्गिक रबरावर हवेतला ओझोन सतत काम करत असतो. जिथे रबर वळलेले, ताणलेले असते तिथे आधी बारीक भेगा पडतात. मागच्या काचेच्या कोपऱ्यात बघा, दिसतील. साठच्या दशकात बाजारात आलेले ईपीडीएम नावाचे कृत्रिम रबर ऊन, पाऊस आणि ओझोन यांना कितीतरी जास्त पुरते, म्हणून आता काचांना आणि दारांना तेच वापरतात. फक्त तेला-पेट्रोलाजवळ ते लावू नये, फुगते, तिथे नायट्राइल. मूळच्या आकाराचे ईपीडीएम लावले तर गाडीचे मूळपण कणभरही कमी होत नाही. इंजिनातले तेल १९७० चे ठेवता का? मग?

तिसरा म्हणतो, "पार्टस् मिळत नाहीत हो. कंपनीच बंद." खरे आहे, पद्मिनी २००० च्या सुमारास थांबली, उत्तरपाड्याची ॲम्बेसेडर मे २०१४ मध्ये. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा वर्तमानपत्रांनी गळा काढला. पण रबराला मोठी कंपनी लागतेच कुठे? सरळ पट्टीचे रबर एका साच्याच्या तोंडातून दाबून काढतात, चकलीसारखे. नमुन्याचा वीतभर तुकडा असला की छोटा कारखानदारही ते करून देतो, कोपरे तेवढे वेगळे साच्यात घालावे लागतात. मुंबईचे ऑपेरा हाऊस, दिल्लीचे कश्मीरी गेट इथे अजून या गाड्यांचे रबर मिळते. अडचण मिळण्यापेक्षा पारखण्याची आहे. घेताना दुमडून बघा, घडीवर पांढरी रेघ किंवा चीर दिसली तर परत द्या. दाबून सोडा, लगेच फुगून वर आले पाहिजे. स्पंजाचा तुकडा पाण्यात पिळून बघा, पाणी पीत असेल तर तो पत्र्याला ओला फडका बांधल्यासारखाच. हे तपासायला दोन मिनिटे लागतात, आणि आपण रंगाची छटा निवडायला दोन तास घालवतो.

गोवेकरांनी तरी हे विसरू नये. १९६१ च्या आधी पोर्तुगीज अमलात इथे आयात झालेल्या मर्सिडीज, ओपेल मुक्तीनंतर कितीतरी वर्षे टॅक्सी म्हणून धावल्या. सुटे भाग येणे बंद झालेले, पाऊस मात्र दरवर्षी येणारच. त्या गाड्या मिरवणुकीने जगल्या नाहीत. म्हापसा, मडगावच्या मेकॅनिकांनी मिळेल त्यातून काच बसवली, दार लावले, म्हणून जगल्या. त्यांची नावे आज कुठल्या रॅलीच्या पत्रिकेत असतात?

सरकारचेही तेच. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम काढले. पन्नास वर्षांवरची, सांगाडा-बॉडी-इंजिन मूळचे असलेली गाडी विंटेज, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, आणि ती रोजच्या वापरात आणायची नाही. दुसऱ्या बाजूला पंधरा वर्षांवरच्या खाजगी मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये सहाशेचे पाच हजार झाले. म्हणजे मामांची १९८६ ची पद्मिनी विंटेज व्हायला २०३६ उजाडणार, आणि तोवर ती नुसतीच म्हातारी! धूर ओकणारी गाडी काढून टाका, ब्रेक न लागणारी काढून टाका, माझी काही तक्रार नाही. पण कागद फक्त वय विचारतो. निगा राखणाऱ्याला आणि न राखणाऱ्याला एकच पावती फाडली जाते. मी स्वतः सरकारी टेबलावर बसतो, म्हणून सांगतो, वय मोजणे सोपे असते, निगा मोजायला उठून बघावे लागते.

आणि हे फक्त मोटारीपुरते आहे असे कोणी समजू नये. चार्ल्स कोरियांनी बांधलेली आपली कला अकादमी घ्या. नूतनीकरण चालू असतानाच जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचाचे छप्पर कोसळले, आणि नोव्हेंबरात दारे उघडल्यावर कलावंत बोलू लागले ते गळतीबद्दल, ध्वनीबद्दल. 'सुशोभीकरण' हा शब्द आपल्या टेंडरांत किती वेळा येतो ते मोजा, आणि 'गळती' किती वेळा येतो तेही मोजा. संस्कृती जपायची म्हणजे आपण उद्घाटनाच्या दिवशी दिसेल तेवढे करतो. जे सांध्यात असते, काळे असते, फोटोत येत नाही, त्याला पैसा नाही आणि ते बसवणाऱ्याला मान नाही. बिदरच्या वकिलाची पद्मिनी आणि पणजीचे नाट्यगृह यांचे दुखणे एकाच जागी आहे.

मग करायचे काय? माझ्या दोन सूचना आहेत, दोन्ही स्वस्त. पहिली, गोवा असो की कलबुर्गी, आयटीआयच्या मुलांना फियाट आणि ॲम्बेसेडरच्या प्रत्येक रबराचे छेद मोजून कागदावर उतरवायला लावा. ही माहिती आज म्हाताऱ्या उस्तादांच्या बोटांत आहे, त्यांच्याबरोबर जाईल. दुसरी, विंटेज रॅलीच्या परीक्षकांनी सोबत एक बादली आणि एक हॅंडकर्चिफ न्यावी. गाडीवर बादलीभर पाणी ओतावे, दार उघडावे, गालिच्याखाली रुमाल फिरवावा. रुमाल ओला झाला की क्रोम कितीही चमको, गाडी बाद. बघा मग पुढच्या वर्षी किती गाड्या येतात!

मामांच्या गाडीचा दुधी रंग आज पुढच्या काचेच्या खाली जरासा वेगळा दिसतो, जिथे पत्रा जोडला तिथे. उस्तादांनी ब्रशनेच हात मारला होता. पुण्याच्या मुलांना तो ठिपका खटकतो. मामा मात्र गेल्या खेपेला काचा वर करून गाणगापूरला जाऊन आले, खोकला आला नाही.

तुमच्या दारात जुनी गाडी असेल तर मिरगाआधी एक रविवार काढा. कागदाची पट्टी घ्या, चारी दारांना लावून बघा, गालिचा उचला, दाराच्या तळाची छिद्रे काडीने मोकळी करा. रंगाचे मग बोलू.